शेवटच्या पंगतीचा भात

"मॅडम, हा तास होता की सामना?" प्रिन्सिपल सरांनी विचारलं.

मी त्यांच्या केबिनमध्ये उभी होते. माझ्या वर्गातल्या आरडाओरड्यामुळे शेजारचा गणिताचा तास थांबला होता आणि तक्रार माझ्या आधीच केबिनमध्ये पोहोचली होती.

"तास होता, सर. क्विझ घेत होते. विद्यार्थी फोनवर उत्तर देतात आणि गुण लगेच पडद्यावर दिसतात."

"वर्गात फोन आणायला बंदी आहे. त्या नोटिशीवर माझी सही आहे."

"हो सर. पण मागच्या महिन्यापर्यंत या तासाला निम्मा वर्गही येत नव्हता. आता बसायला जागा नाही."

"जागा थिएटरातही नसते," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा इलेक्टिव्ह तुम्ही हट्टाने मागून घेतला. मी मंजूर केला. आता ऐका. इंटरनल परीक्षेपर्यंत फोनची परवानगी देतो. परीक्षेचा पेपर शेख सर काढतील, तुम्ही नाही. मला टाळ्या नकोत, उत्तरपत्रिका दाखवा. त्या बऱ्या नसल्या तर पुढच्या सत्रापासून हा विषय बंद."

इलेक्टिव्ह म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा विषय. माझा विषय होता साथरोगशास्त्र. नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला तो नव्याने सुरू झाला होता. सूक्ष्मजीवशास्त्रात आपण सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहतो. साथरोगशास्त्रात गर्दीकडे पाहतो. कोण आजारी पडलं, कोण पडलं नाही, आणि या दोघांमध्ये फरक काय, हे शोधणारं ते शास्त्र. मी कंत्राटी प्राध्यापक आहे. विषय बंद झाला की माझे तास बंद होतात, आणि तास बंद झाले की मीही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला नोकरीपेक्षा विषयाची काळजी जास्त वाटली. हे शास्त्र आमच्या भागातल्या मुलांना आलंच पाहिजे, असा माझा पक्का विश्वास होता.

क्विझचं स्वरूप साधं होतं. पडद्यावर प्रश्न, खाली चार रंगांची चार बटणं. बरोबर उत्तराला गुण, आणि लवकर दिलेल्या उत्तराला जास्त गुण. प्रत्येक प्रश्नानंतर लीडरबोर्ड दिसायचा, म्हणजे गुणांप्रमाणे लावलेली सगळ्यांची यादी. खेळताना टोपणनाव घ्यायची मुभा होती, त्यामुळे यादीत 'बायोचा बाप', 'आज उपवास' अशी मंडळी असत. 'बायोचा बाप' हा ओंकार. तो नेहमी पहिला. त्याने दोन वर्षं लातूरला राहून मेडिकल प्रवेशपरीक्षेची तयारी केली होती. नंबर थोडक्यात हुकला आणि तो आमच्याकडे आला. प्रश्न पडद्यावर पुरता उमटण्याआधी त्याचं बोट पडलेलं असे. मी स्वतः लातूरची. त्याच गल्ल्यांमधल्या क्लासेसमध्ये मीही घडले. त्यामुळे त्या बोटाचं मला फार कौतुक होतं.

यादीत सर्वांत खाली कायम एक नाव असायचं: 'एसटी चुकली'. हे मागच्या बाकावरच्या तीन मुलींचं सामायिक नाव. तिघी अर्धापूरकडच्या गावांतून रोज एसटीने यायच्या. तिघींत मिळून वर्गात चालेल असा एकच फोन होता, आणि त्यालाही विचार करायला वेळ लागायचा. तो फोन शिवकांताचा. ही मुलगी वर्गात सहसा बोलत नसे. हजेरीला मान हलवायची, एवढाच माझा तिच्याशी परिचय.

विभागप्रमुख शेख सर एकदा माझ्या तासाला मागे येऊन बसले. ते नांदेडच्या जुन्या वस्तीतले, निवृत्तीला आलेले, आणि कोणतीही गोष्ट दोनदा न सांगणारे. तास संपल्यावर म्हणाले, "मॅडम, लेकरं लई खूश हैत. वर्गाला रौनक आली. पण एक शक आहे. हे प्रश्न वाचून राहिले की ओळखून राहिले?"

"म्हणजे?"

"उद्या तोच प्रश्न उलटा करून विचारा. मग बघा."

दुसऱ्या दिवशी मी जुनेच काही प्रश्न घेतले. पर्याय तेच ठेवले. फक्त 'कोणत्या कारणाने पसरतो' ऐवजी 'कोणत्या कारणाने पसरत नाही' असं लिहिलं. आघाडीच्या सगळ्या बोटांनी जुनंच उत्तर दाबलं. ओंकारने तर सर्वांत आधी.

"मॅडम, ही चीटिंग आहे," तो हसत म्हणाला.

"प्रश्न पडद्यावर होता, ओंकार."

"प्रश्न कोण वाचतं मॅडम? ऑप्शन बघायचे असतात."

वर्ग हसला. मीही हसले, पण निष्कर्ष स्पष्ट होता. मी वर्गात गर्दी आणली होती, आणि गर्दीला जे आधीच येत होतं तेच तिच्याकडून करून घेत होते. 'एसटी चुकली'ने त्या दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं. त्यांचा फोन इतका संथ होता की प्रश्न वाचण्याशिवाय त्यांना दुसरा उद्योग नव्हता. मात्र वेळ संपल्यामुळे गुण शून्य.

खेळ बदलायचं ठरवलं. घाई करणाऱ्याला फायदा होणार नाही, असा खेळ हवा होता. मी एक तपासाचा खेळ रचला. एका काल्पनिक गावात देवीचा भंडारा झाला आणि त्यानंतर बरेच लोक उलट्यांनी आजारी पडले. प्रत्येक गटाकडे एकच फोन. फोनवर गावाचा नकाशा. घरावर टिचकी मारली की त्या घरातल्या माणसाचा आवाज ऐकू येतो आणि त्याने काय खाल्लं याचं कार्ड उघडतं. उघडायची घरं मोजकी, म्हणून कुणाला विचारायचं हे आधी ठरवायचं. शेवटी दोषी पदार्थ ओळखायचा.

दोषी पदार्थ ओळखायची रीत पाठ्यपुस्तकात दिलेली असते. समजा, बासुंदी खाल्लेल्यांपैकी बहुतेक आजारी पडले आणि बासुंदी न खाल्लेल्यांपैकी जवळजवळ कुणीच नाही. मग संशय बासुंदीवर. एखाद्या गटातले किती जण आजारी पडले, या प्रमाणाला अटॅक रेट म्हणतात. प्रत्येक पदार्थासाठी खाणाऱ्यांचा आणि न खाणाऱ्यांचा अटॅक रेट काढायचा आणि तुलना करायची. मी वरण, भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी आणि मठ्ठा असा बेत ठरवला आणि भाताला दोषी केलं.

आवाजांसाठी माणसं हवी होती. शेख सरांना विचारायला मी थोडी बिचकत होते. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, बाजूला ठेवला आणि फोनमध्ये सरळ एका चिडक्या म्हाताऱ्याच्या आवाजात बोलायला लागले: "मला काय विचारता? माझं पोट ठीक आहे, दिमाग खराब आहे. सून दवाखान्यात आहे, तिला विचारा." विभागातले आम्ही सगळे थक्क झालो. इतकी वर्षं हा माणूस फक्त पेट्री डिशमधल्या जंतूंशी बोलतो, असा आमचा समज होता.

शनिवारी लातूरला घरी गेले तेव्हा मावशीला आचारी बाईची भूमिका दिली. मावशीने आयुष्यभर नात्यागोत्यातल्या कार्याचा स्वयंपाक सांभाळलेला. तिने दोन वाक्यं छान म्हटली आणि तिसऱ्याला थांबली.

"हे काय लिहिलंस? 'पाटलाच्या घरच्यांनी भात घेतला नाही.' मी नाही म्हणणार हे."

"का गं?"

"भंडाऱ्यात भात नको म्हणत असतेत का कुणी? लोक मला येडी म्हणतील."

"मावशी, खेळ आहे हा. खरं गाव नाही."

"खेळ असू दे की काहीबी असू दे. तुझ्या तोंडून म्हण."

मी ते वाक्य गाळलं आणि ती माहिती कार्डावर लिहून टाकली. मावशी नखरे करते आहे असं मला वाटलं. प्रयोगात एखादं मोजमाप इतरांशी जुळलं नाही तर आम्ही आधी उपकरण तपासतो, मग नमुना, आणि मगच ते बाजूला ठेवतो. मावशीच्या बाबतीत मी यातलं काहीच केलं नाही.

सोमवारी खेळ सुरू झाला. पहिली गोष्ट म्हणजे वर्ग शांत झाला. गट एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून बसले, कुठे शेख सरांच्या म्हाताऱ्याचा आवाज आला की खसखस पिकायची, आणि पुन्हा कुजबुज. ओंकारच्या गटाने कार्डं भराभर उघडली, वहीत रकाने पाडले आणि तास अर्धा होण्याआधी त्याचा हात वर गेला.

"भात, मॅडम. खाणाऱ्यांचा अटॅक रेट जास्त, न खाणाऱ्यांचा कमी. डन."

मी "बरोबर" म्हणण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, ह्यात गडबड हाय."

शिवकांता उभी होती. वर्ग वळून पाहू लागला, तशी ती बसायला लागली.

"उभी राहा. काय गडबड आहे?"

"हे कार्ड बघा. लिहिलंय, ह्या बाईनं भात खाल्ला न्हाई. दुसऱ्या कार्डावर, ह्यानं वरण घेतलं न्हाई. भंडाऱ्यात असं नसतंय मॅडम. वाढपी म्होरं आला की समदं घ्यावं लागतंय. प्रसाद हाय त्यो. पानात थोडं का होईना पडतंयच."

"समजा एखादीला भात आवडत नसेल?" ओंकार म्हणाला.

"आवडायचा प्रश्नच न्हाई. तू कवा पंगतीला बसलास का? का नुसता डबा खाल्लास लातूरला?"

मागचे बाक हसले. ओंकारही हसला. "मेसचा डबा. त्यात निवड असते: खा, न्हाईतर उपाशी राहा."

"मग तेच तर," शिवकांता म्हणाली. "हे कार्ड हॉटेलचं हाय, मॅडम. पंगतीचं न्हाई."

मी खडू हातात घेऊन उभी होते आणि मला मावशीचं वाक्य आठवत होतं. शिवकांताने दाखवलेली चूक वरवरची नव्हती. सगळ्यांनी सगळंच खाल्लं असेल तर 'न खाणारे' उरतच नाहीत. तुलना कुणाशी करायची? पाठ्यपुस्तकातली रीत अशा जेवणावर उभी आहे, जिथे माणूस टेबलावरून आपल्याला हवं ते उचलतो. आमच्या गावात ती लावायला गेलं तर आकडे येतच नाहीत. मी मात्र आकडे आणण्यासाठी गावालाच हॉटेल बनवलं होतं.

"मग खऱ्या भंडाऱ्यात तपास कसा करशील?" मी विचारलं. हा प्रश्न परीक्षेचा नव्हता. मला खरोखर उत्तर माहीत नव्हतं.

शेजारच्या दोघी तिला काहीतरी सुचवत होत्या. मग ती म्हणाली, "काय खाल्लं ते इचारून उपयोग न्हाई. कितव्या पंगतीला बसले ते इचारायचं."

"त्याने काय कळेल?" मी विचारलं.

"पहिली पंगत बसती सकाळच्याला. त्यात म्हातारे, लेकरं, पाव्हणे. मग गडीमाणसं. मग बायका. शेवटी वाढपी, आन सैपाकाच्या बाया, आन ज्याचा भंडारा हाय त्याच्या घरचे. तवर दिवस कलतो. भात सकाळीच शिजवून कापडावर ओतलेला असतोय, वर दुसरं कापड टाकून. शेवटच्या पंगतीला त्योच भात."

मला जे समजावून सांगायला एक आख्खा धडा लागला असता, ते तिने पंगतीच्या क्रमाने सांगितलं होतं. भातात राहणारा एक जिवाणू असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात झोपलेलं त्याचं रूप, शिजवण्याच्या उष्णतेतही टिकून राहतात. भाताचा ढीग झाकून ठेवला की आतून तो तासन्‌तास कोमट राहतो. मग ते बीजाणू जागे होतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. भात पुन्हा गरम केला तरी हे विष जात नाही. म्हणजे सकाळी निर्दोष असलेला भात दुपार उलटल्यावर दोषी ठरतो. पदार्थ तोच. फरक वेळेचा.

ओंकार एव्हाना वहीचं पान उलटून नवे रकाने पाडत होता. "मॅडम, सूत्र तेच राहतं. पदार्थाच्या जागी पंगत लिहायची. पहिल्या पंगतीचा अटॅक रेट, दुसऱ्या पंगतीचा, असं करत शेवटपर्यंत. वाढत गेला की भात." मग तो मागे वळला. "शिवकांता, पण वाढपी मधून मधून तोंडात टाकतात ना? मग त्यांना कितव्या पंगतीत धरायचं?"

"टाकतात. बुंदी टाकतात. भात कोण नुसता टाकतंय?"

"मग बुंदी वगळता येणार नाही. पाहुण्यांनी फक्त सकाळची बुंदी खाल्ली, वाढप्यांनी दिवसभराची. तेही वेळेचंच झालं."

"बुंदी खराब व्हाया लई दिस लागतात. साखर असती तिला."

हे दोघं खोलीच्या दोन टोकांवरून बोलत होते आणि मधला सगळा वर्ग टेनिसच्या प्रेक्षकांसारखा मान फिरवत होता. मला आजवर फक्त ओंकारचा वेग दिसला होता. उपयोगाला लावण्यासारखं काही मिळालं की तो वेग किती सुंदर चालतो, हे त्या दिवशी पाहिलं. शिवकांताकडे मात्र वेगापेक्षा दुर्मीळ गोष्ट होती. समोरची माहिती नीट छापलेली, शिक्षिकेने दिलेली असूनही, ती जगाशी जुळते का हे तिने आधी तपासलं. चांगला तपास करणारा माणूस हेच करतो. मला हे शिकायला एम.एस्सी.पर्यंत जावं लागलं, आणि तरीही मी मावशीला नखरेल ठरवलं.

मी खेळ मोडला. त्याच तासाला जाहीर केलं की पुढचा खेळ वर्गाने बनवायचा. प्रत्येक गटाने एक कोडं रचायचं, दुसऱ्या गटाने ते सोडवायचं. अट एकच: जेवण जिथलं असेल, तिथे ते खरोखर जसं होतं तसंच हवं.

मुलांनी सुटीत घरी जाऊन आवाज आणले. खऱ्या आजोबांचे, खऱ्या वाढप्यांचे. शिवकांताच्या गटाने ज्या भंडाऱ्याचं कोडं केलं, त्यात धडधाकट तरुण पोरं आजारी पडली होती आणि म्हातारे व लहान मुलं ठणठणीत होती. पुस्तकी विद्यार्थ्याला हे उलटं वाटतं, कारण आजार आधी अशक्तांना गाठतो असं आपण शिकतो. उलगडा अर्थात पंगतीत होता: पोरं वाढपी होती. शेख सर एका गटाच्या मागे बसून म्हणाले, "भंडाराच का? आमच्या दावतीत एका तबकात चौघं जेवतात. तिथं पंगत विचारून काय होणार?" त्या गटाने लगेच नवं कोडं केलं, ज्यात कुणाच्या तबकात कोण बसलं होतं हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. सरांनी त्यासाठी चार वेगवेगळे आवाज काढून दिले. पाचवा काढायची तयारी होती, पण मुलांनी आवरलं.

फोनचा प्रश्नही सुटला. गटाला एक फोन पुरत होता, बाकीचे वाजत राहायचे. शिवकांता घरून केळी भरायचा प्लास्टिकचा क्रेट घेऊन आली. उरलेले फोन दारातच क्रेटमध्ये पडू लागले. प्रिन्सिपल सर एकदा दारावरून गेले, क्रेटकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं. मग पुढे गेले.

इंटरनलचा पेपर ठरल्याप्रमाणे शेख सरांनी काढला आणि मला आधी दाखवला नाही. चार पर्यायांचा एकही प्रश्न नव्हता. सर्वांत जास्त गुणांचा प्रश्न असा होता: माहूरला गेलेल्या सहलीच्या दोन बस एकाच ढाब्यावर थांबल्या. एका बसमधल्यांना त्रास झाला, दुसऱ्या बसमधल्यांना नाही. उत्तर लिहू नका. तुम्ही कोणाला कोणते प्रश्न विचाराल आणि प्रत्येक प्रश्न का, तेवढंच लिहा.

पर्यवेक्षक म्हणून मी वर्गात फिरत होते. ओंकारने पहिला बराच वेळ पेन उचललंच नाही. मग त्याने लिहायला सुरुवात केली आणि वेळ संपेपर्यंत मान वर केली नाही. शेख सरांनी तपासून दिलेल्या उत्तरपत्रिका मी नंतर पाहिल्या. ओंकारचे प्रश्न असे होते: आधी कोणती बस पोहोचली? दोन्ही बसच्या लोकांना एकाच पातेल्यातलं वाढलं का? पाण्याचे जार कोणत्या बसमध्ये होते? ड्रायव्हर कुठे जेवला? प्रत्येक प्रश्नापुढे कारण. शिवकांताची पहिली ओळ होती, "बसमधल्या कुणालाही विचारण्याआधी मी ढाब्यावर वाढणाऱ्याला विचारेन, कारण बाकीच्यांनी फक्त आपलं ताट पाहिलेलं असतं." या ओळीखाली शेख सरांनी लाल पेनने रेघ मारली होती. ते अशी रेघ चूक दाखवण्यासाठी मारतात. ही मात्र दोनदा मारलेली आणि पुढे काहीही न लिहिलेली होती.

सगळं सोनं झालं नव्हतं. काहींनी प्रश्न बाजूला ठेवून अटॅक रेटची पाठ केलेली व्याख्या लिहिली होती. क्विझच्या काळात येणारे काही चेहरे तपासाच्या खेळात कंटाळून गळाले होते. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा जसा होता तसा केबिनमध्ये नेऊन ठेवला.

प्रिन्सिपल सरांनी वरच्या दोन-तीन चाळल्या. "वाचतो," एवढंच म्हणाले. पुढे कितीतरी दिवस त्या विषयावर एक शब्द नाही. मी विचारलं नाही. शेख सर म्हणाले, "सबूर, मॅडम. भात शिजू द्या."

त्यानंतर महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन आलं. जेवणाला मागच्या मैदानात पंगती बसतात आणि वाढायचं काम दुसऱ्या वर्षाकडे असतं, हा आमच्याकडचा रिवाज. माझा वर्ग वाढपी होता. सकाळीच आचाऱ्याचा चढलेला आवाज ऐकू आला म्हणून मी मागे गेले. आचारी आणि ओंकार समोरासमोर उभे होते.

"समदा भात एकदाच उतरवतो मी. वीस वर्सं झाली. तुम्ही पोरं मला शिकवून राहिले?"

"शिकवत न्हाई, मामा," शिवकांता मध्ये पडली. "तुमचा भात झ्याकच असतोय. पर शेवटी आम्ही बसतो. आमाला बी तुमच्या हातचा ताजा खायचाय. निम्मा आत्ता लावा, निम्मा दुपारी. सरपण आम्ही लावतो."

आचाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, ओंकारकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पोरा, बोलायचं कसं ते हिच्याकडून शिक." आणि निम्मेच तांदूळ धुवायला काढले.

पाहुणे जेवले, प्राध्यापक जेवले, पहिलं वर्ष जेवलं. मी वर्गाबरोबर शेवटच्या पंगतीला बसले. उन्हं मैदानाच्या कुंपणापर्यंत उतरली होती. तेवढ्यात प्रिन्सिपल सर आले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या पानावर बसले. दिवसभर पाहुण्यांचं पाहत होते. यजमान म्हणून तेही शेवटचेच.

शिवकांता अजून वाढतच होती. तिने आम्हाला भात वाढला. सरांनी कालवायला बोटं घातली आणि झटकन मागे घेतली.

"या वेळेला भात इतका गरम कसा?"

"दुसरं पातेलं हाय, सर," ती म्हणाली. "आत्ताच उतरलं."

"का?"

तिने का ते सांगितलं. भाताची बादली हातात धरून, उभ्या उभ्या, पंगतीच्या क्रमाने. सर ऐकत राहिले. ती पुढच्या पानाकडे गेल्यावर म्हणाले, "पुढच्या सत्रासाठी विषय निवडायचे अर्ज काल आले. तुमच्या विषयाला आताची खोली पुरणार नाही. मोठी देतो. ती गणिताच्या वर्गापासून लांब आहे."

"थँक यू, सर."

"फोनबंदीची नोटीस मात्र राहील. खाली एक ओळ घालू: क्रेटमध्ये ठेवलेले फोन वगळून."

या सगळ्यातून मी माझ्यासाठी एक नियम केला आहे. खेळ वर्गात नेण्याआधी, त्यातली गोष्ट स्वतः जगलेल्या एका माणसाला तो आधी खेळायला द्यायचा, आणि त्याने एखादं वाक्य म्हणायला नकार दिला तर वाक्य गाळण्यापूर्वी कारण विचारायचं. मावशीला मी फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता त्या पाटलाच्या घरच्यांना भात वाढ."

त्या दिवशी पंगतीत सरांनी पान पुढे सरकवलं. "शिवकांता, अजून थोडा भात आण," ते म्हणाले. ती पातेल्याकडे वळली तेव्हा झाकण काढताच वाफ निघाली.